बाजूने न दिसणारी बाई

मनात डूख धरू नये असं सगळेच सांगतात. मी धरला, आणि त्या हिवाळ्यात मला त्याच्याइतकी चांगली सोबत दुसऱ्या कशाचीच झाली नाही. सकाळी उठताना मनगट दुखायचं, मग तो माणूस आठवायचा आणि एकदम तरतरी यायची.

तो माणूस म्हणजे आमच्या शेजारच्या सोसायटीचा चेअरमन. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत आले आणि अजूनही करते, पण इथे करणार नाही. निदान कागदावर तरी मला माझ्या मनासारखं बोलू द्या.

कर्वेनगरातल्या आमच्या गल्लीत त्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. गाड्या रॅम्प चढून थेट रस्त्यावर येतात. चढताना गाडीचं नाक वर असतं, त्यामुळे दिव्यांचा सगळा उजेड समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांवर पडतो. तिथे वाळत घातलेले टॉवेल लख्ख दिसतात. बॉनेटच्या पुढचा रस्ता मात्र काळोखात असतो. मी एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते आणि सायकलने जाते-येते. थंडीत घरी येईपर्यंत अंधार पडलेला असतो. त्या संध्याकाळीही पडला होता. माझ्या सायकलला पुढे दिवा होता, मागे लाल दिवा होता, आणि मी डाव्या कडेने, शहाण्या माणसासारखी चालले होते. त्याची गाडी वर आली आणि तिने मला डावीकडून उडवलं. मी उजव्या हातावर पडले आणि मनगट मोडलं.

त्याने मला दवाखान्यात नेलं, हे कबूल केलं पाहिजे. मात्र पुढच्याच रविवारी तो बायकोला घेऊन आमच्याकडे आला, मोसंब्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण एक सांगतो. तुमच्या सायकलला पुढे दिवा आहे, मागे दिवा आहे. बाजूला काय आहे? काही नाही! तुम्ही आडव्या समोर आलात. दिसलाच नाहीत हो."

त्याची बायको समजूतदारपणे मान हलवत होती. माझा नवरा म्हणाला, "तेही खरंच म्हणा." एवढ्यावर थांबला नाही, त्या माणसाला दुसरा चहा विचारला. मी प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून बसले होते आणि एका हाताने मोसंबं फेकून मारता येईल का, याचा अंदाज घेत होते.

हे वाक्य मग गल्लीभर झालं. भाजीवाली म्हणाली, सायकल बाजूने दिसत नाही बाई. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी माझी बोटं वाकवता वाकवता म्हणाली, काकू, साइडने खरंच दिसत नाही. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चेअरमनने 'सायकलस्वार बंधू-भगिनींनी अंधारात स्वतःची काळजी घ्यावी' असं टाकलं, खाली हात जोडल्याची चित्रं. त्या बंधू-भगिनींमध्ये सायकल चालवणारी मी एकटीच होते. त्याने मारलं, मी पडले, आणि काळजी मी घ्यायची. चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या काय असतात?

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी नवऱ्याने विषय काढला. "सायकल आता वॉचमनला देऊन टाकू."

आमच्या मुलीचाही फोनवर त्याला दुजोरा होता. मला वाटलं, माझा हात कापून न्यायची भाषा चालली आहे. सायकल मी चाळिशी उलटल्यावर शिकले, आमच्याच पार्किंगमध्ये, पोरंटोरं हसत असताना. तोवर मला कुठेही जायचं झालं की आधी नवऱ्याला विचारावं लागायचं, सोडता का. मग तो घड्याळ बघायचा. त्या घड्याळ बघण्यातून मला सायकलने सोडवलं होतं. ती गेली असती तर मी पुन्हा चपला घालून दारात त्याची वाट बघत उभी राहिले असते. हे मी त्याला सांगितलं. तो जरा वरमला आणि म्हणाला, "बरं. बाजूने दिसेल अशी करून दाखव. तसं झालं नाही, तर मात्र विसर."

मी धायरीला गेले. तिथे टेम्पोंवर रेडियम लावून देणारा एक जण आहे, दुकान म्हणजे नुसता पत्रा आणि एक कात्री. त्याने माझ्या सायकलकडे पाहिलं आणि उत्साहाने विचारलं, "काय लिहायचं काकू? आईचा आशीर्वाद हाय, नाद करायचा न्हाय हाय, वाघाचं तोंड हाय."

"आधी चमकणाऱ्या पट्ट्या. चाकांच्या कडांना, मडगार्डला, पेडलला. सगळं डाव्या बाजूला."

"आन उजवीकडं?"

"उजवीकडे माझं कुणाशी वैर नाही."

तो खदखदून हसला आणि न विचारता उजवीकडेही दोन-चार पट्ट्या मारल्या. मग मी त्याला काय लिहायचं ते सांगितलं. नंबर प्लेटच्या काळ्या पत्र्यावर त्याने पांढरी अक्षरं चिकटवली आणि तो पत्रा कॅरिअरच्या डाव्या अंगाला तारेने घट्ट बांधला. त्यावर होतं, 'आता दिसतंय का?' घरी येताना मी गाणं गुणगुणत होते.

त्याच संध्याकाळी मी मुद्दाम रॅम्पसमोरून गेले. चेअरमन रोज सातच्या सुमाराला मैदानावर चालायला जातो, गाडी घेऊन. गाडी वर आली, दिवे गॅलरीतल्या टॉवेलांवर पडले, आणि माझ्या पट्ट्या, माझी अक्षरं, सगळं काळं ठिक्कर राहिलं. रेडियमवर उजेड पडला तरच ते चमकतं, आणि त्या रॅम्पवरून उजेड खाली पडतच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घंटी बडवत ओरडले तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला. काच खाली केली आणि हसून म्हणाला, "अजून नाही दिसत हं, ताई."

त्या 'हं'साठी मी त्याला कधीही माफ करणार नाही.

घरी आल्याबरोबर गणपतीच्या सामानाचा खोका काढला. मखराभोवती सोडायच्या, सेलवर चालणाऱ्या दिव्यांच्या दोन माळा त्यात होत्या. मी पार्किंगमध्ये बसून त्या सायकलच्या नळ्यांना, कॅरिअरला, बास्केटला गुंडाळल्या आणि पत्र्याच्या चारही कडांनी फिरवल्या. सेलची डबी सीटखाली बांधली. बटण दाबलं आणि सायकल स्वतःच्या उजेडाने उजळली. एक माळ स्थिर होती, दुसरी लुकलुकायची, ती बंद होईना. नवरा खाली आला, सायकलभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "हे घेऊन तू रस्त्यावर जाणार?"

"बाजूने दिसते का, तेवढं सांगा."

"बाजूने काय, सिंहगडावरून दिसेल."

लोक हसले. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरची पोरं म्हणायची, काकूंची वरात आली. वरात तर वरात. मला दिसायचं एकाच माणसाला होतं आणि त्याची वेळ मी कधी चुकवली नाही. त्याच्या गाडीचा आवाज तळघरातून आला की मी पेडल मारायचे आणि बरोबर रॅम्पच्या तोंडाशी पोहोचायचे. तो ब्रेक दाबायचा. मग मला ओढणी नीट करायची असायची. कधी चप्पल सैल झालेली असायची. कधी पिशवीतला कोबी बघावासा वाटायचा. तो अर्ध्या चढावर गाडी पेलत उभा, मागे दुसऱ्या गाडीचा हॉर्न, आणि समोर माझा पत्रा लुकलुकत विचारतोय, आता दिसतंय का? मी त्याच्याकडे बघून अतिशय शालीन हसायचे. सबंध आयुष्यात मी इतकं गोड कुणाशी वागले नसेन.

मला त्याच्याकडून एकच शब्द हवा होता. दिसतंय. गल्लीला ऐकू जाईल असा.

तो मिळाला त्या दिवशी त्याची बायको पुढे बसली होती आणि मागच्या सीटवर त्यांचे नवे व्याही होते, सिल्कचा झब्बा आणि पैठणी. मी रॅम्पच्या तोंडाशी थांबले आणि ओढणीची गाठ सोडून परत बांधू लागले. गाडी जरा मागे घसरली, व्याह्यांनी पुढची सीट धरली. क्लचचा जळका वास माझ्यापर्यंत आला. चेअरमन हँडब्रेक ओढून दार आपटत बाहेर आला. टपरीवरची पोरं उठून उभी राहिली. दुधाची पिशवी घेऊन परतणारा माझा नवराही समोरच्या कडेला थांबला होता.

"काय लावलंय हे रोज?" तो ओरडला. "दिसतंय, बाई, दिसतंय! आंधळा नाही मी! त्या दिवशीपण दिसला होतात! मला वाटलं, सायकल आहे, थांबेल!"

बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. आम्हा सगळ्यांनाच आलं. गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं. त्याच्या बायकोने काच खाली केली.

"तुम्ही पाहिलं होतंत त्यांना?" तिने विचारलं.

 व्याही खिडकीतून दुसरीकडे बघू लागले.

मी इतके दिवस ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला तेव्हा ओढणीची गाठ अर्धीच बांधून झाली होती. त्याने मला पाहिलं होतं. पुढचा दिवा, मागचा दिवा, मध्ये मी, हँडलवरची माझी पिशवी, सगळं पाहिलं होतं आणि गाडी पुढे घेतली होती. सायकलवाल्या बाईने थांबायचं असतं, एवढाच त्याचा हिशोब. मग माझ्या घरी येऊन, माझा चहा पिऊन त्याने मला दिव्यांवर व्याख्यान दिलं. मला रडू फुटणार होतं, पण त्याच्यासमोर नाही. मी उतरले. सायकल रॅम्पच्या बरोबर मध्ये आडवी स्टँडवर लावली, कुलूप न घालता, माळा तशाच चालू ठेवून, आणि रस्ता ओलांडून नवऱ्याजवळ गेले.

"अगं, सायकल?" तो हळूच म्हणाला.

"त्यांना दिसते आहे ना? आणून देतील."

नवऱ्याने एकदा चेअरमनकडे पाहिलं. त्याने दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याबरोबर मुकाट चालू लागला. जिन्यात म्हणाला, "मी त्याला दुसरा चहा विचारला होता." मी किल्ली काढली. बोलण्यासारखं त्यानेच बोलून टाकलं होतं.

आम्ही घरात येऊन जेमतेम बसलो असू, तेवढ्यात खाली पोरांचा गलका ऐकू आला. मी खिडकीत गेले. चेअरमन माझी सायकल हाताने ढकलत आमच्या गेटमधून आत येत होता. दोन्ही माळा जळत होत्या, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर लाल-हिरवा उजेड पडत होता, आणि टपरीवरची सगळी पोरं मागून येत होती. गॅलऱ्यांत माणसं उभी होती. त्याने सायकल जिन्यापाशी लावली, वर पाहिलं आणि हाक मारली, "ताई, सायकल आणली आहे. जरा खाली येता का? बोलायचं होतं."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. हाक मला स्वच्छ ऐकू आली होती. मी पडदा ओढला आणि कुकर लावायला घेतला. म्हटलं, माणूस आहे, थांबेल.