अर्सुला पेटिफरची गाय आणि राजाची गलबतं

राजाने पार्लमेंटला न विचारता बसवलेली गलबतपट्टी कुणी हाणून पाडली, असं लंडनमध्ये विचारा. चार-पाच बड्या धेंडांची नावं ऐकवतील. कुणी जमीनदार, कुणी वकील, कोर्टात उभे राहून तासन्‌तास बोलणारे. ऐकवू देत बापडे. आमच्या एल्मकोट गावात मात्र अर्सुला पेटिफरचं नाव निघतं, आणि ते ऐकून जो हसेल त्याला आमच्याकडे कुणी बिअर विचारत नाही.

अर्सुला मेंढपाळाची पोर. दहाव्या वर्षापासून जमीनदाराच्या हवेलीच्या दूधघरात राबली. बाविसाव्या वर्षी तिने ल्यूक पेटिफरशी लग्न केलं. ल्यूक मेंढ्यांच्या वाड्यासाठी काटक्यांची कुडं विणायचा. इतका अबोल की बायकोच्या वाट्याचंही तोच गप्प बसतो, असं लोक म्हणायचे. मूलबाळ झालं नाही. ल्यूक तापाने गेला तेव्हा मागे राहिलं एका खोलीचं घर आणि डॅमसन नावाची एक तांबडी गाय. गाईचं दूध, दुधाचं चीज, आणि दर बुधवारी ते चीज हॅडनबरीच्या बाजारात. बाईचा सगळा संसार त्या गाईच्या चार पायांवर उभा होता. गाय गेली तर चर्चच्या दाराशी धर्माची भाकरी घ्यायला रांगेत उभं राहायचं, आणि अर्सुलाला मरणापेक्षा त्या रांगेची धास्ती होती.

आमच्याकडे गावची कॉन्स्टेबलकी घराघराने फिरते. ज्याच्या घराची पाळी त्याने वर्षभर भांडणं सोडवायची, चोर धरायचे, वसुली करायची. घरात बाईच असेल तर तिने पैसे देऊन एखादा पुरुष उभा करायचा, असा शिरस्ता. त्या ऑक्टोबरात पाळी आली पेटिफरांच्या घरावर.

"पेटिफरबाई, माझा भाचा उभा करा," गिरणीवाला अँब्रोझ टॅप म्हणाला. "चार शिलिंगांत वर्ष काढेल."

"तुझा भाचा चार शिलिंगांत वर्षभर झोपा काढेल. पाळी घराची आहे ना? घरात मी आहे. झालं तर मग!"

गाव हसलं. पण पहिल्याच महिन्यात तिने दोन दारुडे कानाला धरून घरी पोचवले आणि वजनात मारणाऱ्या पाववाल्याला भर रस्त्यात उभं करून त्याचे पाव मोजून घेतले. मग हसणं बंद झालं.

जानेवारीत परगण्याचा कारभार बघणाऱ्या शेरीफचा कागद आला. राजाला गलबतं बांधायची आहेत, एल्मकोटने अठरा पौंड द्यावेत. आता, समुद्र पाहिलेला एक माणूस आमच्या गावात नव्हता, पण ते एक वेळ सोडा. जुनी रीत अशी की राजाला जादा पैसा हवा असेल तर त्याने पार्लमेंट बोलवावं, गावोगावच्या माणसांना विचारावं. या राजाने अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नव्हतं. विचारलं की लोक उलट विचारतात, पैसा जातो कुठे? म्हणून विचारायचंच नाही, कागद पाठवायचा! कुणी किती द्यायचे त्याची यादी कॉन्स्टेबलने करायची, वसुली त्यानेच करायची, आणि नाही केली तर पहिली जप्ती त्याच्या घरावर.

रविवारी प्रार्थना संपल्यावर अर्सुलाने लोकांना चर्चमध्येच थांबवलं.

"राजाला अठरा पौंड हवेत," ती म्हणाली. "आपल्याकडे घंटेचा दोर बदलायचा तरी सगळ्यांना विचारल्याशिवाय कुणाकडून दमडी घेत नाहीत. म्हणून विचारते. द्यायचे असतील त्यांनी हात वर करा."

एकाचाही हात हलला नाही. मग अँब्रोझ टॅप चुळबुळत उठला. "अहो, पण यादी नाही गेली तर बाईंची गाय नेतील ती माणसं! चला रे, थोडेथोडे देऊन मोकळे होऊ."

तीन-चार हात अर्धवट उठले.

"खाली घ्या ते हात!" अर्सुला कडाडली. "माझ्या गाईची कीव करून हात वर करायचे नाहीत. राजाला द्यावेसे वाटतात म्हणून करा. टॅप, वाटतंय का तुला मनापासून?"

"मला? छे हो!"

"मग बस खाली."

कोऱ्या यादीखाली तिने आपली खूण केली, लिहिता कुठे येत होतं, आणि कागद जसाच्या तसा शेरीफला परत धाडला. चारचौघांत ताठ होती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढताना डॅमसनच्या कुशीला कपाळ टेकवून ती ढसाढसा रडली. घाबरली होती ती, चांगलीच घाबरली होती. धाडसी माणसांना भीती वाटत नाही असं जे सांगतात, ते कधी कुणाच्या तावडीत सापडलेले नसतात.

मार्चमध्ये बेलिफ, म्हणजे शेरीफचा जप्तीवाला, आला. गर्व्हेस स्ट्रोड त्याचं नाव. घोड्यावर बसलेला, मागे दोन माणसं.

"कॉन्स्टेबल कुठाय?"

"तुझ्या डोळ्यांसमोर."

स्ट्रोडने तिला खालून वर न्याहाळलं आणि गाईकडे बोट केलं. "सोड ते दावं."

"तूच सोड. पण एक ऐकून ठेव. सकाळ-संध्याकाळ धार काढायला मी कोंडवाड्यात येणार. दूध माझं."

"जप्त गाईचं दूधही जप्त, म्हातारे."

"मी पन्नाशीची आहे. म्हातारी असेल तुझी आई!"

जप्तीचं जनावर म्हणजे ओलीस ठेवलेलं माणूस. विकलं जाईपर्यंत ते राखायचं, वापरायचं नाही. घोडा असेल तर त्यावर बसायचं नाही, बैल असेल तर जुंपायचा नाही. गाईची धार काढावी लागते, नाहीतर कास सुजते, पण दूध मालकाच्या घरी गेलं पाहिजे. हवेलीत असताना अर्सुलानेच कोंडवाड्यातल्या गाईंचं दूध हंड्यांत भरून किती दारी पोचवलं होतं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. स्ट्रोडलाही ठाऊक होतं. पण राजाचा कागद खिशात असला की माणसाला वाटतं, आपल्याला कोण विचारतो!

गाईच्या मागोमाग सात मैल चालत अर्सुला हॅडनबरीला गेली. तिचं चीज घेणारी खाणावळवाली बाथशिबा गर्नी हिने तिला ठेवून घेतलं. बुधवारी भर बाजारात दवंडीवाल्याने बोली पुकारली.

"चाळीस शिलिंग!"

खाटीक आभाळाकडे बघू लागला. दोन शेतकऱ्यांना एकाएकी आपापले बूट फार आवडले.

"तीस! वीस!"

त्या वर्षी पट्टीसाठी जप्त केलेल्या वस्तूला आमच्या भागात कुणी हात लावत नव्हतं. आज तिची गाय, उद्या आपली, हे सगळ्यांना कळत होतं. स्ट्रोड दातओठ खात म्हणाला, "पुढच्या बुधवारी बघतो," आणि गाय कोंडवाड्यात घातली. अर्सुलाला आत पाऊल टाकू देऊ नका, अशी ताकीद राखणदाराला दिली.

गुरुवारी सकाळी अर्सुला बाथशिबाच्या अंगणात भांडी घासत होती. स्ट्रोडचा माणूस दुधाची कासंडी घेऊन आला. "मालकांनी पाठवलंय. स्वस्तात देतो."

"कुठल्या गाईचं?" बाथशिबाने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? कोंडवाड्यात एकच आहे."

अर्सुला हात पुसत पुढे आली. तो तिला ओळखत नव्हता, नवाच होता. तिने एक पेनी काढली, लोटीभर दूध विकत घेतलं, आणि तो गेल्यावर अंगणातल्या दोन गाडीवानांना म्हणाली, "बघून ठेवा रे. माझ्याच गाईचं दूध मी पैसे मोजून घेतलंय." असं तिने सहा दिवस केलं. तिच्याजवळच्या पेन्या संपल्या तेव्हा बाथशिबाने दिल्या.

दुसऱ्या बुधवारी बाजार फुटेस्तोवर गर्दी. एल्मकोटहून आम्ही निम्मं गाव गेलो होतो. दहा शिलिंगांवर आली बोली, तरी सगळे चिडीचूप. ओरडून ओरडून स्ट्रोडचा घसा बसला.

"ठीक आहे!" तो खेकसला. "उद्या ही गाय लंडनला हाकतो. तिथले खाटीक कुणाची गाय ते विचारत नाहीत."

लंडनला गेलेली गाय कुठली परत येते! अर्सुला चौकातल्या क्रुसाच्या पायरीवर चढली.

"गर्व्हेस स्ट्रोड, माझ्या गाईचं दूध सहा दिवस कुठे गेलं?"

"कुठलं दूध?"

"बाथशिबा, तू कुणाकडून घेतलंस?"

"याच्या माणसाकडून! रोज," बाथशिबाने ठणकावलं. "आणि या बाईने स्वतः पेनी मोजली. हे दोघे गाडीवान साक्षीला आहेत."

गर्दीत कुजबुज पसरली आणि वाढत गेली. बाजाराचा म्हातारा कारकून चष्मा सावरत पुढे झाला. हा माणूस कधी कुणाची बाजू घेत नसे, पण कायद्याची चूक दिसली की त्याला राहवत नसे.

"मिस्टर स्ट्रोड, जप्तीच्या जनावरावर पैसा कमावला की जप्तीच बाद. पहिल्या दिवसापासून बाद. मग तुम्ही बेलिफ राहत नाही, नुसते गाय पळवणारे उरता."

"माझ्याकडे राजाचा हुकूम आहे!"

"गाय धरण्याचा. दूध विकण्याचा नाही. आणि बातमी ऐकलीत ना? राजाकडचे पैसे संपलेत, एप्रिलमध्ये पार्लमेंट बसतंय. अकरा वर्षांच्या तक्रारी तिथे वाचल्या जातील. ही पहिली वाचली जावी असं वाटतंय का तुम्हाला?"

शेरीफ आपल्याला पाठीशी घालणार नाही, हे स्ट्रोडला त्या घटकेला कळून चुकलं. तो पायरीजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, गाय घ्या. गुपचूप घेऊन जा."

"गुपचूप?" अर्सुलाचा आवाज आता दुसऱ्या टोकाच्या कोंबडीवाल्यालाही ऐकू गेला. "नेताना वाजतगाजत नेलीस ना? मग परत करतानाही दवंडी पिटायची!"

दवंडीवाल्याला एवढंच हवं होतं. त्याने एकदा नाही, तीनदा पुकारलं: एल्मकोटच्या कॉन्स्टेबल अर्सुला पेटिफर यांची गाय चुकीने धरली होती, ती सर्वांसमक्ष परत करण्यात येत आहे हो! तिसऱ्या वेळी आवाज ऐकूच आला नाही, इतका जल्लोष झाला. अँब्रोझ टॅपने टोपी उडवली, ती छपरावर अडकली, तरी तो नाचतच होता. कोऱ्या यादीचं काय, हे विचारायची स्ट्रोडची छातीच झाली नाही.

सौद्यात कास भरलेली दिसावी म्हणून सकाळी कुणी डॅमसनची धार काढली नव्हती. बिचारी हंबरत होती. अर्सुलाने बाथशिबाकडून तिवई मागवली आणि चौकातच धार काढायला बसली. ज्याच्या हाती लोटा होता त्याचा लोटा भरला, नव्हता त्याने ओंजळ धरली. गाडीवान प्यायले, दवंडीवाला प्यायला, त्या खाटकालासुद्धा दिलं. कुणाकडून पेनी घेतली नाही. अर्सुला हसत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

स्ट्रोड कडेला रिकामं दावं हातात घेऊन उभा होता. घसा कोरडा पडलेला. शेवटी न राहवून तो पुढे आला, टोपी काढली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पेटिफरबाई, घोटभर मिळेल का?"

अर्सुलाने त्याच्याकडे बघितलं, लोटी काठोकाठ भरली आणि त्याच्या हातात दिली.

"मागितलंस, म्हणून देते. तुझ्या राजालाही सांग."

स्ट्रोडने ते दूध उभ्याउभ्या संपवलं, लोटी परत दिली आणि घोडा आणायला निघून गेला.