बिघडलेल्या फोटोंचा खोका

तोटीकाका गोष्ट सांगायला बसले की ती चुकणार, हे ठरलेलंच. पाहुण्यांच्या हातात चहाचा कप पडायचा अवकाश, काका सुरू. "काय सांगू तुम्हाला, दवाखान्याच्या गच्चीवरची टाकी फुटली ना, तो मंगळवार होता..." लगेच आतून काकूंचा आवाज, "शुक्रवार! आणि टाकी कुठली फुटतेय, झाकण उडालं होतं नुसतं." काका जराही खजील न होता "हां, झाकण" म्हणून पुढे निघायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा आपटायचे. पुन्हा काकू. गोष्ट शेवटाला पोचेपर्यंत पाहुण्यांचा चहा गार झालेला असे आणि हसून हसून पोट दुखत असे. परक्याला वाटे, काय ही बाई, नवऱ्याला एक वाक्य धड बोलू देत नाही! पण ओळखीच्यांना ठाऊक होतं, त्या घरात गोष्ट सांगायला दोघं लागतात. काकांनी पाडायची आणि काकूंनी उचलायची.

काकांचं काम नळाचं. खिशात कायम एखादी तोटी, म्हणून तोटीकाका. खरं नाव बहुधा पोस्टमनलाच माहीत. नळाला वॉशर घालणारे काय, गल्लोगल्ली मिळतात. काकांचा हात बसलेला तो भिंतीच्या पोटातून पाइप नेण्यात. आता गंमत बघा. पाइप टाकून झाले की गवंडी वरून गिलावा करणार, त्यावर टाइल्स बसणार, आणि मग पाइप कुठून गेलाय ते एक देवच जाणे. पुढे कधीतरी घरमालक हौसेने आरसा टांगायला भिंतीत भोक पाडतो आणि घरात कारंजं उडतं. असं एकदा खरंच उडालं, मालकासकट सगळे चिंब झाले, आणि काकांनी दुसऱ्याच दिवशी एक जुना कॅमेरा विकत आणला. तेव्हापासून त्यांची रीतच झाली. गिलावा चढायच्या आधी उघड्या भिंतीचा फोटो काढायचा, पाइपाला मोजायचा टेप लावून. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, सगळं फोटोत. एक प्रत मालकाला, एक आपल्याकडे.

पण टेप धरायचा कोणी? हाताखालची माणसं ऐन वेळी चहाला पसार. शेवटी वैतागून काकूच जायला लागल्या, आणि एकदा गेल्या त्या गेल्याच. जन्मभर त्यांनी टेप धरला. धरला म्हणजे कसा? गप्पा मारत, शेजारच्या खोलीतल्या सुताराला सूचना देत, मान वळवून खिडकीबाहेर बघत. काका कॅमेऱ्यामागून ओरडत, "अगं, डोकं काढ ना! पाइपाचा बेंड झाकला सगळा!" तोवर खटकन फोटो निघालेला असे.

रोल धुऊन आला की काका जमिनीवर बसून वाटणी करत. नुसता स्वच्छ पाइप दिसतोय ते फोटो एका बाजूला. काकूंचं कोपर आलेले, कान आलेला, अख्ख्या काकूच आलेले दुसऱ्या बाजूला. हे बिघडलेले. मालकाला ते देता येत नाहीत आणि टाकायला जीव होत नाही. मग ते माळ्यावरच्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात जात, जुने वॉशर आणि मोडक्या तोट्यांच्या शेजारी.

अशी वर्षं गेली. लेक मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली, लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. काकांनी कामं कमी केली. आणि एका सकाळी काकू दात घासता घासता मटकन खाली बसल्या.

मेंदूला झटका आला होता. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा उजवा हात जड पडलेला आणि बोलणं गेलेलं. म्हणजे कळत सगळं होतं. नाकावर माशी बसू न देण्याचा स्वभावही जागच्या जागी होता. पण तोंडातून शब्द यायचा तो एकच, "तेच." पाणी हवंय? तेच. दुखतंय कुठे? तेच. लेकीचा फोन आलाय. तेच, तेच. पहिल्या दिवशी काकूंना स्वतःलाच हसू आलं. मग रडू आलं. आणि मग त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

घर नुसतं खायला उठलं. काका पाहुण्यांना तब्येतीचं सांगायला बसत, "सोमवारी घरी आणलं," म्हणत आणि सवयीने आतल्या खोलीकडे कान देऊन थांबत. आतून काही येत नसे. सोमवार बरोबर की चूक, कोणी सांगायलाच नव्हतं. मग त्यांचंही बोलणं आटत गेलं.

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. वयाने लहान, पण बोलायला रोखठोक. "काका, जे परत यायचं ते बरंचसं या पहिल्या महिन्यांतच येतं. पण त्यांनी स्वतः धडपडायला हवं. त्या तर हातपाय गाळून बसल्यात." बाई कप, चमचा, घड्याळ अशी चित्रं दाखवत. काकू भिंतीकडे बघत. त्यांचं तरी काय चुकलं? ज्या बाईने उभा जन्म नवऱ्याचे मंगळवार दुरुस्त केले, तिला विचारायचं, हे काय आहे, कप का?

दारापर्यंत सोडायला गेल्यावर काकांनी हळूच विचारलं, "आणि नाहीच आलं तर?" बाई खोटं बोलल्या नाहीत. "मग असंच राहू शकतं," म्हणाल्या. काका दार लावून आत वळले. उरलेला सगळा जन्म एका शब्दावर काढायचा, आणि तोही तिने!

"घरचे फोटो दाखवून बघा," बाईंनी सुचवलं. काकांनी कपाटातला अल्बम काढला. लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला फोटो, दोघंही असे ताठ की जणू पोलिसांनी पकडून आणलंय. लेकीच्या शाळेतला. कोणाच्या तरी समारंभातली नातेवाइकांची रांग. काकूंनी डाव्या हाताने अल्बम दूर सारला.

"रोजचे नाहीत का हो?" बाईंनी विचारलं. "कामाला जाताना, भांडताना, असेच बसलेले?"

"रोजचे फोटो कोण काढतंय, बाई? आमचा कॅमेरा कामाचा होता." हे सांगताना काकांना भरून आलं. एवढी वर्षं हातात कॅमेरा होता, आणि बायकोचा एक फोटो काढला नाही आपण.

रविवारी लेक आली. बाथरूममधला नळ टपटपत होता. दुनियेचे नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा नळ गळायचाच, ते वेगळं सांगायला नको. "बाबा, वॉशर कुठे ठेवता?" म्हणत ती स्टुलावर चढली, माळ्यावरचा खोका ओढला, आणि तिथेच स्टुलावर बसली.

पहिल्याच फोटोत ती स्वतः होती. चिमुरडी, गवंड्याच्या घमेल्यात बसलेली, तोंडाला बिस्किटाचा लगदा. तिची मान धरून आईचा एक हात, दुसऱ्या हातात टेप. खालच्या फोटोत आई जांभई देत होती. त्याखाली आई कोणावर तरी करवादत होती, तोंड उघडं, बोट वर. केस काळे, मग करडे, मग पांढरे. प्रत्येक फोटोत टेप.

"बाबा! हे काय आहे?"

"ते होय? ते बिघडलेले."

लेकीने कपाळाला हात लावला. "धन्य आहे तुमची! आईचा रोजचा फोटो नाही म्हणून तोंड पाडून बसलाय, आणि हे बिघडलेले? रोजचं म्हणजे आणखी काय असतं हो?"

काका खोक्यात बघतच राहिले. आजवर त्यांनी त्या फोटोंत पाइप शोधला होता आणि तो दिसत नाही म्हणून चडफडले होते. आत्ता पहिल्यांदा त्यांना पाइप दिसेना, नुसती बायको दिसली, आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले. लेकीने आपल्या ओढणीने त्यांचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

खोका काकूंसमोर मांडला. काकूंनी भिंतीवरची नजर काढली. एकेक फोटो उचलून जवळ नेऊन बघायला लागल्या. काका हरखले. बाईंनी बजावलं होतं, सावकाश बोला, नीट बोला, गोंधळ घालू नका. म्हणून ते रोज मनाशी घोकून, अगदी बरोबर सांगू लागले. हे अमक्याचं घर, हा सुतार, हा वार. काकू ऐकत, बघत, पण तोंड मिटलेलं ते मिटलेलंच. कधी मान हलवून "तेच." आठवडे असेच चालले आणि काकांचा धीर सुटत चालला.

एका दुपारी ते अगदीच दमले होते. बाजार, औषधं, कपडे, सगळं एकट्याने. फोटो हातात घेऊन कंटाळल्या आवाजात म्हणाले, "हे त्या डॉक्टरीणबाईंचं घर. दुसरा मजला."

टेबलावर फाडकन थाप बसली. काकूंच्या डाव्या हाताची. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा हलले. "ति... ति..." आणि मग संतापाने, "तिसरा!"

काका पुढे वाकले. "काय म्हणालीस?"

"तिसरा!" काकू पुन्हा म्हणाल्या, आणि आपल्याच तोंडून कोणी दुसरं बोललं की काय अशा नजरेने इकडेतिकडे बघू लागल्या.

काकांनी आधी देवाचे आभार मानले, मग लेकीला फोन केला, आणि मग लबाडी सुरू केली. दुसऱ्या दिवसापासून ते मुद्दाम चुकायला लागले. हिरव्या दाराला निळं म्हणायचे, गवंड्याला सुतार. काकूंना आधी चीड यायची, चिडीमागून शब्द यायचा. बाईंना कळलं तेव्हा त्या हसत सुटल्या. "मी एवढं शिकले, पण नवऱ्याने चुकत राहावं असा उपाय नव्हता हो आमच्यात! चालू ठेवा." अर्थात काकूंनी पंधरवड्यात लबाडी ओळखली. "मुद्दाम!" असा त्यांनी दम भरला, तर तोही नवाच शब्द निघाला. बिचाऱ्यांना रागवायचीही सोय उरली नाही.

हवा थंड होईपर्यंत दोन-तीन शब्दांची वाक्यं जुळायला लागली होती. लेक दर रविवारी यायची, फोन टेबलावर ठेवून दोघांचं बोलणं टिपून घ्यायची, काकांची चूक आणि काकूंची दुरुस्ती, दोन्ही. "माझ्या मुलांना ऐकवायचंय," म्हणायची.

अशाच एका रविवारी खोक्यातून तो फोटो निघाला. काकू टेप धरता धरता खळखळून हसतायत, इतक्या की टेपसुद्धा सुटलाय हातातून. काकांची ही सगळ्यात लाडकी गोष्ट. यात मात्र ते कधी चुकत नसत. निदान काकूंनी या गोष्टीत आजवर एकदाही आतून आवाज दिला नव्हता.

"त्या घरमालकांकडे पोपट होता," काका रंगात आले. "माझ्यामागे पिंजरा. मी फोटो काढायला वाकलो आणि मेला ओरडला, चोर, चोर! ही जी हसत सुटली! आणि मालक काय सज्जन माणूस! एवढा मोठा माणूस, पण माझ्याशी बोलताना नजर वर करायचा नाही. गळ्यापाशी बघून बोलायचा, मर्यादेने."

"नाही," काकू म्हणाल्या.

"काय नाही? पोपट नव्हता?"

"होता. पण... पोपट... नाही." काकूंनी फोटोवर बोट ठेवलं, मग तेच बोट काकांच्या छातीवर टेकवलं. शब्द सापडेना. डोळे मिटून त्यांनी तो शोधला. "स्वेटर," काकू म्हणाल्या. "तुमचा. उलटा."

"उलटा?"

"आतलं... बाहेर. मागचं... पुढे." त्यांनी आपल्या गळ्याला हात लावला. "लेबल. इथे."

काकांचाही हात गळ्याशी गेला. "दिवसभर?"

"दिवसभर!" आणि काकूंना हसू फुटलं, फोटोतल्यासारखं, फक्त एका बाजूने जरा वाकडं.

"म्हणजे तो मालक... माझं लेबल वाचत होता?" काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. काकू त्यात पिंजऱ्याकडे बघत नव्हत्याच. कॅमेऱ्याच्या जरा खाली, थेट काकांच्या गळ्याकडे बघत होत्या. खोकाभर फोटोंत काका कुठेच नव्हते, आणि इथे इतकी वर्षं तिच्या डोळ्यांत उलटा स्वेटर घालून उभे होते.

"आई, अगं तू तर बाबांचा एक मंगळवार सोडत नाहीस," लेक डोळे पुसत म्हणाली. "मग हे का नाही सांगितलंस?"

काकूंनी बराच वेळ घेतला. "सांगितलं असतं..." त्या म्हणाल्या, "तर... सरळ केला असता."

झटक्यानंतरचं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. काका उठून आत गेले. आले तेव्हा अंगात स्वेटर होता, शिवणी बाहेर, लेबल हनुवटीखाली. येऊन काकूंच्या शेजारी बसले आणि लेकीला म्हणाले, "काढ."

लेकीने फोन उचलला. पण ती एकीकडे हसत होती, एकीकडे रडत होती, हात काही स्थिर राहीना. फोटो निघाला तो हललेला. काकूंचा कान, काकांचा अर्धा चेहरा आणि मधोमध लेबल.

"शी, बिघडला," ती म्हणाली. "थांबा, दुसरा काढते."

"नको," काकू म्हणाल्या. "खोक्यात ठेव."