झाकणभर रॉकेल

माझ्या मेव्हण्याइतका दगडावर जीव लावणारा माणूस बारामती-इंदापुरात दुसरा झाला नाही, आणि होऊ पण नये. आमचं शेवटचं एकत्र काम म्हणजे सणसरला माझ्या ओसरीवर बसून दोघांनी दगडाचा चुरा चाळला, वर चहा घेतला. एवढंच.

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मुंबईकडं तेल शुद्ध करायच्या कारखान्यात जन्म घालवला, रिटायर होऊन अंथुर्ण्याला आला आणि सांगत सुटला. तिथं म्हणे जाड काळं तेल तापवून झिओलाईट नावाच्या चुऱ्यावर सोडतात. चुऱ्याला डोळ्याला न दिसणारी भोकं. तेल आत शिरलं की उसाच्या कांड्या कराव्यात तसे त्याचे तुकडे पडतात, आणि तेच पेट्रोल, डिझेल, रॉकेल. कारखान्यातला चुरा माणसानं बनवलेला, पण त्याच जातीचा दगड आपल्याकडं विहिरी खोदताना निघतो, हे कळलं आणि माणूस कामातून गेला. लग्नाला गेला तरी नवरीआधी विहीर बघायचा. काटेवाडीला एका लग्नात अक्षता पडल्या तरी हा दिसेना, तेव्हा लोकांनी घाबरून विहिरीत दोर सोडला. खालून आवाज आला, "दोर नगं, बादली सोडा." टोपी पांढऱ्या खड्यांनी भरली होती.

खडे कुटायचे, उसाच्या खताच्या पाण्यात भिजवायचे, भट्टीत भाजायचे. खत माझं. माझा ऊस पिवळा पडला, त्याचे दगड मात्र पोटभर जेवले. मग ट्रॅक्टरचं जळकं ऑइल डब्यात उकळून वाफ त्या चुऱ्यातून काढायची, नळीत गार करायची. दिवसभरात बाटलीचा तळ भिजायचा. बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, शब्द दिलेला, "अक्का, तुला रेशनच्या रांगेत हुबं ऱ्हाऊ द्यायचा न्हाय." ती ते तेल चिमणीत घालायची, चिमणी पेटायची, आणि हा देवळात बसल्यासारखा समोर बसून राहायचा.

मला नंतर कळलं, ती आत नेऊन त्यात झाकणभर रॉकेल मिसळायची. म्हटलं, सांगून टाक त्याला. तर म्हणाली, "तुमी जन्मभर खरं बोलून कुणाचं भलं केलं?"

ती गेली. तेराव्यानंतर तो नवी बाटली घेऊन आला. मी बाटली आत नेली आणि झाकण भरलं.

त्या शेवटच्या संध्याकाळी चाळणीतला चुरा काळाकुट्ट होता. मी म्हटलं, टाकून दे. तो म्हणाला, "दगड मेला न्हाय, दाजी. काजळी धरलीया. भाजला की परत कामाला लागतुया." मग हात थांबवून विचारलं, "अक्का माझ्या तेलात रॉकेल घालायची का?"

मी कुणाचं मन राखत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"न्हाय," मी म्हणालो.

"आन तुमी?"

"मला दुसरा उद्योग न्हाय व्हय?"

तो हसला, चहा संपवला, नवी बाटली ओसरीवर ठेवून गेला. घरी जाऊन झोपला तो उठलाच नाही.

सकाळी निरोप आला. निघायच्या आधी मी त्याची बाटली तशीच चिमणीत ओतली, काडी ओढली. वात नुसती तडतडली आणि विझली. बघायला घरात कोणी नव्हतं. तरी मी रॉकेलचा डबा काढला, झाकण भरलं, ओतलं. पेटल्यावर चिमणी हिच्या फोटोपुढं ठेवली आणि अंथुर्ण्याची वाट धरली.