विहिरीकडे जाणारी लिंक

आमच्या वेबसाइटचं पुढे काय झालं, असं कोणी विचारलं की मी एकच उत्तर देत आलो आहे: सर्व्हर बदलला, त्यात गेली. हे खोटं नाही. पण माझ्यापुरती ती त्याआधीच संपली होती आणि त्याचं कारण मी घरातही कधी बोललो नाही. बोलायची वेळ आली की चष्मा शोधायला उठायचो. आता उठणंही जड जातं, तेव्हा लिहून टाकतो.

मी जुन्नरला कॉलेजात इतिहास शिकवत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेजचा बिघडलेला स्लाइड प्रोजेक्टर घेऊन मी आळेफाट्याला एका दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता त्यानं अर्ध्या जागेत कॉम्प्युटर क्लास काढला होता. बोलता बोलता कळलं, आम्ही दोघं पठारावरच्या एकाच गावचे. त्यांच्या घरानं छप्पन साली बौद्ध धर्म स्वीकारलेला, त्यांची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. आमचा मळा अलीकडे. एकाच गावचे असून आमची ओळख व्हायला आळेफाटा लागला.

प्रोजेक्टर दुरुस्त झाला तरी मी दर रविवारी सकाळी जायला लागलो. पहिल्याच रविवारी त्यानं पडद्यावर एक निळा, अधोरेखित शब्द दाखवला. त्याच्यावर बाण नेला की बाणाचा हात व्हायचा. मी दाबलं आणि पान बदललं.

"कुठं आलो आपण?"

"दुसऱ्या पानावर. ते जपानातसुद्धा असंल, सर."

"आणि मधली पानं?"

"मधे काही नसतंच." तो हसला. "पुस्तक म्हणजे एसटी. बसलं की ती नेईल तसं जायचं. हा आपला फाटा आहे. उतरा, नाशिकला जा, नाय तर नगरला जा. नाय तर चहा प्या."

पुढे एका मासिकात वाचलं की याला हायपरटेक्स्ट म्हणतात आणि कल्पना बरीच जुनी आहे. माणसाचं मन अनुक्रमणिका बघून आठवत नाही, एका गोष्टीवरून दुसरीवर उडी मारतं. मग लिहिलेलंही तसंच का जोडू नये, असं काही जणांना फार आधी सुचलं होतं. तेव्हा ते करून दाखवतील अशी यंत्रं नव्हती. मला ते पटकन पटलं. जुन्या पोथ्यांच्या समासात कोणीतरी बारीक अक्षरात टीप लिहून ठेवतो, तीही वाचणाऱ्याला दुसरीकडेच नेते. मी हे सगळं त्याला उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, "नाव लई मोठं आहे. काम एका ओळीचं."

खरंच एका ओळीचं होतं. टोकदार कंसात पानाचा पत्ता, पुढे शब्द, मग कंस बंद. आम्ही जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची वेबसाइट करायला घेतली. मजकूर मी लिहायचा, जोडण्या त्यानं द्यायच्या. लेण्याद्रीपासून सुरुवात केली. तिथून नाणेघाट, घाटातली जकात, जकातीवरून तो थेट नारायणगावच्या टोमॅटो बाजारावर गेला.

"राव, गणपतीला निघालेला माणूस तुम्ही बाजारात उतरवला!" मी म्हणालो.

"मग? येताना टोमॅटो घेत न्हाईत का लोक?"

सुरुवातीला त्यानं इतक्या जोडण्या दिल्या की अख्खा परिच्छेद निळा दिसायचा. मग आम्ही एकेक शब्द ठेवायचा की काढायचा यावर भांडायचो. धरणात बुडालेल्या आंबेगावचं पान आम्ही फार जपून केलं. प्रत्यक्षात तिथं आता कुणाला जाता येणार नव्हतं, या पानावरून येत होतं. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर आमचं मराठी नुसती चिन्हं होऊन उघडायचं, तरी घोडेगावच्या एका माणसानं दुबईहून कळवलं की त्यानं ते पान तिथल्या मित्रांना वाचून दाखवलं. त्या रविवारी आम्ही दोनदा भजी मागवली. माझ्या आयुष्यात मी इतकं कुणाशी भांडलो नाही आणि इतकी कुणाची वाट पाहिली नाही, जितकी त्या रविवारांची. अजूनही रविवारी सकाळी अंघोळ लवकर होते.

लेण्यांच्या पानावर पोढी असा शब्द होता. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. जुन्नरच्या लेण्यांत अशा टाक्यांचं दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत. मी त्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या. तो म्हणाला, "सर, हितून एक लिंक द्यायची आहे. आमच्या दादांचं पान."

दादा म्हणजे त्याचे वडील. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, गावीच राहायचे. त्यांनी सांगितलेलं त्यानं जसंच्या तसं टाइप केलं होतं. लहानपणी ते मळ्यातल्या विहिरीवर घागर घेऊन उभे राहायचे, कोणी वरून पाणी घालीपर्यंत. मळ्यातली आई लांबून घालायची, शिवू नये म्हणून. निम्मं पाणी मातीत जायचं. पण आसपास कोणी नसलं की ती हात खाली आणायची, घागरीच्या तोंडाशी. 'तेवढ्या दिवशी घागर भरून घरी जायची,' असं शेवटचं वाक्य होतं.

मळा आमचा. ती बाई माझी आई. पानावर नाव कुणाचंच नव्हतं.

मी म्हणालो, द्या लिंक. त्या क्षणी मी मनापासून म्हणालो होतो, एवढं मला माझ्या बाजूनं सांगता येतं. तिच्याबद्दल कोणी काही लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचत होतो.

पोढी हा शब्द निळा झाला. दादा मुद्दाम आळेफाट्याला आले, स्वतःच्या बोटानं दाबून पान उघडलं आणि म्हणाले, "लेण्यातल्या पाण्यावरनं आमच्या पाण्यावर आणलंस व्हय रं! झकास!"

दोनेक महिन्यांनी माझा थोरला भाऊ जुन्नरला आला. पुतणीचं लग्न पुण्याच्या घरी ठरत होतं. चहाला हात न लावता म्हणाला, "पाव्हणं कॉम्प्युटर बघत्यात. त्यांच्या पोरानं आपल्या गावाचं बघितलं. विहीर कुणाची, विचारीत व्हता."

"खोटं काय आहे त्यात?"

"खोटं न्हाई म्हणून तर आलोय. आईला कशाला उभी केलीस तिथं? ते काढ."

मी काढतो म्हणालो नाही. काढणार नाही असंही म्हणालो नाही. तो गेल्यावर मी एक तोडगा काढला आणि स्वतःवर खूशही झालो. दादांच्या पानाला हात लावायचा नाही. फक्त पोढी शब्दाभोवतीचे कंस काढायचे. पान जिथल्या तिथं, एक अक्षर कमी नाही. तिकडे जायला मात्र काही नाही. कुणाचं काही गेलं नाही आणि भावाचंही काम झालं.

मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे बांधावरची वाट बुजवली म्हणून माणसं तहसील कचेरीत पिढ्यान् पिढ्या खेटे घालतात. शेत त्याचंच असतं, उताऱ्यावर नाव त्याचंच असतं. बैल कुठून न्यायचे, एवढाच प्रश्न असतो. वाट बुजवणारा नेहमी हेच म्हणतो: तुझ्या शेताला मी हात लावला का? हे ऐकत मोठा झालो आणि तेच केलं.

पुढच्या रविवारी दुकानात गेलो तर दादा बसलेले. सोबत मंचरहून आलेली त्यांची बहीण आणि मेहुणे. बहिणीला दाखवायचं म्हणून दादांनी लेण्यांचं पान उघडायला लावलं आणि माउस हातात घेतला. दाबलं. परत दाबलं. बाणाचा हात होईना.

"हितं निळं व्हतं ना रं?"

मुलानं पुढे येऊन पाहिलं. मग पानामागचा मजकूर उघडला. कंस नव्हते. पासवर्ड दोघांनाच माहीत होता. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.

"काहीतरी बिघडलं असेल," मी म्हणालो.

"मशीनच ती," दादा मला सांभाळून घेत म्हणाले. "सरांनी लई कष्ट घेतल्यात ह्याच्यावर."

मग पानाचा पूर्ण पत्ता त्यानं एकेक अक्षर टाइप केला. पान उघडलं. दादांनी चष्मा लावून बहिणीला सावकाश वाचून दाखवलं. माझी आई हात खाली आणते तिथं आल्यावर बहीण म्हणाली, "माझ्यासाठीबी आणायची ती." मी बाहेर जाऊन ट्रक बघत उभा राहिलो.

ते गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "सर, पत्ता पाठ असणाऱ्याला दिसतंय अजून. मी लावणार न्हाई परत. तुम्ही काढली, तुम्हीच लावा."

लग्न झालं की लावू, असं ठरवलं. लग्न झालं. मग पुतणी नांदायला लागू दे, म्हटलं. रविवार चुकू लागले, मग थांबले. दादा वारल्याचं कळलं तेव्हा मी आळेफाट्याला गेलो, माणसांत बसलो. त्यानं मला पाणी दिलं. "दोन दिवस आधी विचारीत व्हते, सर येतात का म्हणून," तो म्हणाला. मी मान हलवली आणि मिळेल त्या गाडीनं परतलो. त्या रात्री पासवर्ड टाकला तर तो चालला नाही. सर्व्हर बदलला होता, जुनी पानं गेली होती. पुढे दुकान बंद करून तोही नाशिकला मुलीकडे गेला, असं ऐकलं.

त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे. काय बोलायचं तेही ठरलेलं आहे, अनेकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं आहे; फोन मात्र अजून लावलेला नाही. ठरलेलं ते असं: काही बिघडलं नव्हतं. लिंक मी काढली, भावाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या भित्रेपणानं. दादांसमोर खोटं बोललो आणि त्यांनी ते खरं मानलं. मला माफ करा.