लॉर्डसाहेबांची पुतणी

दुबईतल्या आमच्या ऑफिसचा इंग्रज साहेब एका सकाळी लॉर्ड झाला. मी त्याची सेक्रेटरी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याचा थोरला भाऊ गेल्याचा फॅक्स इंग्लंडहून आला, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की सिमेंटच्या ऑर्डरींसाठी उन्हातान्हात रास अल खैमाला खेपा घालणारा हा माणूस पिढीजात सरदार घराण्यातला आहे. मी तर थक्कच झाले. रत्नागिरीकडचे आमचे स्टोअरकीपर चाचा मला म्हणाले, "बाय, आपला साहेब राजा झाला! यल्ला, चल, मिठाई मागव!"

पण मिठाईआधी साहेबानं मला एक पत्र लिहून घ्यायला बसवलं.

थोरल्या भावाला मुलगा नव्हता, एकच मुलगी होती. चाळिशीची, बिनलग्नाची. बापाचं आजारपण, शेती, गळकं छप्पर, सगळं तिनंच वर्षानुवर्षं सांभाळलेलं. लॉर्डचा किताब मात्र घराण्यातल्या पुरुषालाच जायचा, आणि कुणा पणजोबानं घर नि जमीन त्या किताबाला कायमची बांधून ठेवलेली. म्हणजे सगळं आमच्या साहेबाचं. घर तो हॉटेलवाल्यांना भाड्यानं देणार होता. पत्र त्या पुतणीलाच होतं: मार्चअखेर घर रिकामं कर.

माझं पेन थांबलं. "सर, मग ती राहणार कुठे?"

"गावात एक छोटं कॉटेज बघतोय तिच्यासाठी."

माझी जीभ मुळातच तिखट. म्हटलं, "सर, तुमच्या देशावर बाई राज्य करते, आणि मुलीला बापाच्या घरात राहायची सोय नाही? मला तर हे ऐकूनच धक्का बसलाय. लाज वाटायला हवी!"

बोलून गेले आणि वाटलं, संपली नोकरी, खलास. पण साहेब चिडला नाही. खरंच कोड्यात पडल्यासारखा बघत राहिला.

"मागच्या वर्षी तू कॉन्सुलेटला जायला हाफ डे घेतला होतास ना? वडिलांच्या घरातला तुझा वाटा भावाला द्यायचे पेपर्स होते. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांना मिठाई वाटलीस. मला वाटलं, तुमच्याकडे हा आनंदाचा दिवस असतो."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मला.

बाबा गेल्यावर दादानं हक्कसोडीचे कागद पाठवले होते. चिपळूणजवळचं घर आणि आंब्याची बाग. आमच्याकडे लग्न झालेल्या बहिणींनी सही करायची ही रीतच आहे. न करणारीला माहेर तुटतं. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात सहा महिने बिनपगारी रजा काढून त्यांचं हगणंमुतणं मीच काढलं होतं. दादा शनिवार-रविवार यायचा. तरी कागद वाचायचीही तसदी न घेता मी सही केली. "बहीण असावी तर अशी," असं दादा फोनवर म्हणाला, आणि त्या खुशीत मी करामाच्या बाजारातून किलोभर पेढे आणले. साहेबानं दोन खाल्ले होते.

आता त्याला काय सांगणार? आमची गोष्ट वेगळी आहे?  मी पत्र टाइप केलं, त्याची सही घेतली आणि फॅक्स केला.

दुसऱ्या दिवशी फॅक्सनंच पुतणीचं उत्तर आलं. हातानं लिहिलेलं, सुबक अक्षरात. "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. रीत आहे, मला समजतं. फक्त कधीमधी त्या घरी येऊन राहू द्या."

मी खुर्चीत बसले. दादाला मी फोनवर जे बोलले होते, ते जवळजवळ शब्द न् शब्द तसंच होतं. कधीमधी येऊन राहू द्या, हेसुद्धा. जिथं माझा जन्म झाला, त्या घरात!

साहेबानं कागद वाचला, चष्मा काढला आणि फाइल करायला माझ्या हातात दिला.

"फार चांगली मुलगी आहे," तो म्हणाला. "पुतणी असावी तर अशी."