घोड्याची उडी
फिल्म मी कापली होती आणि दोष ताईवर जाऊ दिला. परवा जुन्या कंपासपेटीत तो तुकडा सापडला आणि साठच्या दशकातली अकोल्याची सुट्टी आठवली. मामांच्या मित्राने अमेरिकेहून हाताने फिरवायचा प्रोजेक्टर आणि तिथल्या टीव्हीवरच्या मुलांच्या कार्टून मालिकेची मुकी फिल्म आणली होती. भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावून, तापलेल्या बल्बच्या वासात आम्ही ती धोतराच्या पडद्यावर बघायचो. मामेबहीण, आमची ताई, हँडल फिरवत त्यातल्या घोड्याच्या तोंडी वऱ्हाडी घालायची. घोड्याची नदीवरची उडी मला इतकी आवडली, की तेवढीच कापून घेतली आणि टोकं चिकटवून टाकली. दुसऱ्या दिवशी घोडा एकदम पलीकडच्या काठावर! ताई लगेच म्हणाली, "नदीले पूर हाये, मी अचलपूरच्या बसनं आलो!" आम्ही हसून लोळलो. मामांना मात्र जोड दिसला. ते ताईला म्हणाले, "तुयाच हातानं तुटली. आता हँडलले हात नोको लावू." मी तुकडा कंपासपेटीत लपवला. त्यानंतर घोडा मुकाच राहिला. काल अकोल्याला जाऊन तुकडा ताईच्या हातावर ठेवला. तिने तो उजेडात धरला आणि खुदकन हसली, "अगं माय, घोडा!" मी म्हणालो, "ताई, तो बसनं नव्हता गेला वं. त्याची उडी मीच चोरली होती. मले माफ कर."