नारळ तळघरात गेला

आमच्या सोसायटीच्या विशेष सभेत एकमताने असं ठरलं की तळघरात पाणी शिरतं, कारण तळघर खाली आहे. मी विरोधात हात वर केला होता. पण मी सभासदाची मुलगी, सभासद नव्हे, त्यामुळे माझा हात वर असतानाच एकमत झालं.

विश्रांतवाडीतली आमची इमारत जुनी. तळघरात एकच गाळा वापरात आहे, गादीवाल्या चाचांचा. तिथे कापूस पिंजायचं यंत्र, गाद्या शिवायची जागा आणि भिंतीला लावून कापसाचे गठ्ठे. पाऊस जरा नेट धरून पडला की अंगणातलं सगळं पाणी उतारावरून थेट त्यांच्या दारात. भिजलेला कापूस कापूस राहत नाही, जड आणि आंबूस काहीतरी होतो. म्हणून चाचा विटांवर फळ्या टाकून वर गठ्ठे ठेवत. पाणी वाढलं की विटांचा आणखी एक थर. असं करत करत कापूस छताला जाऊन भिडला आणि फळीवर चढलेले चाचा वाकून वावरायला लागले.

त्याच सभेतला दुसरा ठराव असा, की गाळा वापरायला योग्य नाही, सबब तो गणपतीनंतर रिकामा करून घ्यावा. म्हणजे पाणी काढायचं नाही, माणूस काढायचा. हे वाक्य मी पत्रकात वर ठळक टाईपात घातलं. नदी, फुटपाथ, झाडं यांवर पत्रकं लिहून चौकात वाटायची मला सवय होतीच. हे पत्रक प्रत्येक दाराखालून सरकवलं, आमच्याही. माझे वडील सोसायटीचे सचिव. त्यांनी ते जेवताना वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंय. आता आपण रीतसर अर्ज द्या." घरात मला आपण म्हणणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी अंगण तपासलं. मुळात तिथे शहाबादी फरशी होती. एका कमिटीने तिच्यावर काँक्रीट ओतलं. पुढच्या कमिटीने काँक्रीटवर रंगीत ठोकळे बसवले. आधीचं कुणीच उखडलं नाही, कारण उखडायचं म्हणजे आधीच्यांचं चुकलं म्हणायचं, आणि आधीचे याच जिन्यात राहतात. अंगण असं वर वर चढत गेलं. तळघराच्या तोंडाशी पाणी अडवायला होता तो उंचवटा त्यात बुडाला. आणि पाणी रस्त्याकडे नेणारी जुनी नाली ध्वजस्तंभाच्या ओट्याखाली गेली. कंपाउंडच्या भिंतीबाहेर तिचं तोंड अजून दिसत होतं. आत एक मांजर व्याली होती. भर पावसाळ्यात पिल्लं कोरडी ठणठणीत. नाली बंद असल्याचा याहून ठोस पुरावा मी आजवर पाहिलेला नाही.

ओटा आमच्या अध्यक्षांनी बांधून घेतलेला. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, ताठ मानेचे गृहस्थ. ओट्यावर वर्षातून दोनदा झेंडा चढतो, बाकीचे दिवस लोक त्यावर बसून तळघरातल्या पाण्याबद्दल हळहळतात. ओट्याचा एक कोपरा फोडावा लागेल असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला देशाबद्दल काही माहिती आहे का असं शांतपणे विचारलं. मी अंगणात टेनिसचा चेंडू ठेवून दाखवला. तो पार्किंगच्या कोपऱ्यातून निघाला आणि सुतासारखा तळघरात उतरला. अध्यक्षांनी तो जाताना पाहिला.

"चेंडू गोल असतो," ते म्हणाले. "पाणी नसतं."

मी चेंडू आणायला तळघरात उतरले.

त्यात चाचांनीच माझा पाय ओढला. त्यांचं ठाम मत, की पाणी जमिनीतून फुटतं, खाली झरा आहे, अब्बांच्या वेळी इथे विहीर होती. मी त्यांना चिडून म्हटलं, चाचा, तुमचाच गाळा जातोय, निदान तुम्ही तरी माझ्या बाजूने बोला. पण झरा अध्यक्षांना फार आवडला. झऱ्यात कुणाचीच चूक नसते. लगेच पंप बसवायचं ठरलं. पंप बसवायचा म्हणजे आधी पूजा.

पूजा ओट्यासमोर, अंगणात. हळदकुंकू लावलेला नारळ अध्यक्षांनी जमिनीवर ठेवला आणि टोपी सारखी करायला दोन्ही हात डोक्याकडे नेले. तेवढ्यात नारळ निघाला. चेंडूसारखा नाही, अडखळत, शेंडीवर ठेचकाळत, पण निघाला. वडिलांच्या स्कूटरला वळसा घालून उतारावर आला, तिथे त्याने वेग घेतला आणि खाली चाचांच्या शटरवर धाडकन आपटला. चाचांना वाटलं कुणीतरी दार वाजवलं. आतून आवाज आला, "या, या."

पूजेचा नारळ, तो सोडून कसं चालेल. अध्यक्ष स्वतः खाली उतरले. कित्येक वर्षांत ते तिथे गेले नव्हते. चाचांनी त्यांना मानाने सगळ्यात वरच्या गादीवर बसवलं, आणि ताठ बसायची सवय असल्यामुळे त्यांची टोपी छताला लागली. हे मी उतारावरून डोकावून पाहिलं. चाचा म्हणत होते, साहेब, थोडं वाकून बसा, आम्ही असंच बसतो. अध्यक्ष थोडे वाकले.

वर आल्यावर त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरून फिरवून पाहिला.

"हा काही गोल नाही," ते म्हणाले.

वडील म्हणाले, "मग?"

"मग उतार आहे."

मला वाटलं आता ओटा फुटणार. छे. ओट्याला धक्का न लावता त्याच्या खालून पाईप घालायचा असं ठरलं, आणि कुदळीच्या चार घावांत व्हायचं काम मजुरांनी पालथं पडून, बोगदा खणून केलं. तळघराच्या तोंडाशी आडवी नाली केली, तिच्यावर लोखंडी जाळी बसवली. ठोकळे उखडून रस्त्याकडे उतार दिला. मांजर पिल्लांसकट चाचांच्या कापसात राहायला गेली. पंप खोक्यातच आहे, कारण तो परत करायचा ठराव नाही. गाळा रिकामा करायचा ठराव मात्र रद्द झाला नाही. तो स्थगित आहे. रद्द आणि स्थगित यात फरक काय, असं मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, रीतसर अर्ज द्या.

पंधरा ऑगस्टला धो धो पाऊस. छत्र्या मिटून सगळे सावधान उभे राहिले, आणि राष्ट्रगीत चालू असताना ओट्याच्या पोटातून पाणी खळाळत रस्त्यावर गेलं. अध्यक्षांनी मान हलवली नाही, पण ऐकत होते हे दिसत होतं.

झेंडावंदन झालं आणि मी चाचांकडे गेले. जमीन कोरडी होती. आम्ही दोघांनी गठ्ठे उतरवले, फळ्या काढल्या, विटा एकेक करून दाराबाहेर रचल्या. चाचा सरळ उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून छताकडे बघत राहिले. खालचा शेवटचा थर उचलायला मी वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"तेवढा राहू दे बेटा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी कमिटी बदलते."